मदत हवी आहे: जात्याला टाकी लावणारे (छिन्नीनं दगड पुन्हा खरखरीत करून देणारे) कुणी माहीत आहे का?
नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहते, माहेर मुळशीतलं. आईला जात्यावरच्या ओव्या येतात. लेकीनं सासरी कसं नांदावं, भावाशी कसं राहावं, सगळी शिकवण त्यातच. (काही सल्ले मला मुळीच पटत नाहीत, ते असो!) मला त्या रेकॉर्ड करायच्यात, पण नुसतं "म्हण" म्हटलं की तिला एकही आठवत नाही. हात फिरायला लागला की एकीमागून एक निघते. आमच्या जात्याचा खुंटा मोडलाय, दगडही गुळगुळीत झालाय. पौड किंवा पुण्यात टाकी लावणारे कोण आहेत? शिवाय हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या कामात असलेलं कुणी इथे असेल तर ओव्या लिहून कशा ठेवायच्या, तेही सांगाल का?