सल्ला हवा: ६० गिगाहर्ट्झच्या डिफरन्शियल लाइनचा कॉमन मोड कसा आवरायचा?

विश्रामबाग_एमटेक
वालचंदला एमटेकचं प्रोजेक्ट चालू आहे. ६५ नॅनोमीटर सीमॉस, दोन स्टेजचा डिफरन्शियल अँप्लिफायर (दोन तारांवर एकमेकांच्या उलट सिग्नल). दोन स्टेजमधली लाइन टॉप मेटलवर (सगळ्यात वरच्या धातूच्या थरावर), ६०० मायक्रॉन लांब, तारांचं पिच (मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर) १२ मायक्रॉन. खाली किंवा बाजूला ग्राउंड नाही. डिफरन्शियल मॅचिंग बसलंय, पण कॉमन मोडमध्ये, म्हणजे दोन्ही तारांवर सारखाच सिग्नल असताना, स्टॅबिलिटी जाते. ग्राउंडचं शील्ड घालू की रेझिस्टर?

कृष्णाकाठ
आधी ग्राउंड. दोन्ही तारा एकदम वरखाली होतात तेव्हा करंट परत कुठून येणार? लेआउटमध्ये वाटच नाही, म्हणून सिम्युलेटर पोर्टचा आदर्श ग्राउंड धरतो. चिपवर तोच करंट सबस्ट्रेटमधून (खालच्या सिलिकॉनमधून) नाहीतर लांबच्या सप्लाय रेलमधून फिरेल. त्यामुळे आत्ताच्या कॉमन मोडच्या आकड्यांवर विसंबू नका.

दोन्ही बाजूंना १५ मायक्रॉन सोडून ग्राउंडच्या पट्ट्या घ्या. खाली एम१ मध्ये (सगळ्यात खालच्या धातूच्या थरात) लाइनला आडव्या बारीक पट्ट्या घाला आणि त्या बाजूच्या ग्राउंडला व्हायांनी (थर जोडणाऱ्या उभ्या जोडांनी) जोडाच. सुट्या ठेवल्या तरी डिफरन्शियलमध्ये चालून जातं, कारण सममितीमुळे त्या शून्यावरच असतात. कॉमन मोडमध्ये मात्र तारांबरोबर त्याही वर चढतात, मग शील्ड कसलं! कपॅसिटन्स वाढेल, तेव्हा मॅचिंग पुन्हा बसवा.

मिरज_जंक्शन
सहमत, पण एवढ्यावर थांबू नका. रिटर्न स्वच्छ झाला की सबस्ट्रेटमधला लॉस कमी होतो आणि कॉमन मोडचा क्यू (रेझोनन्सची तीव्रता) उलट वाढतो. रेझिस्टर लागणारच. तारांच्या मध्ये १०० ओहम टाकून उपयोग नाही. कॉमन मोडमध्ये त्याच्या दोन्ही टोकांना एकच व्होल्टेज असतं. ट्रान्झिस्टरचा गेट बायस (गेटचं स्थिर व्होल्टेज) सेंटर टॅपवरून, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बरोबर मधल्या बिंदूवरून, देत असाल तर तिथे सिरीजमध्ये घाला, २० ओहमपासून वर बदलत बघा. तिथे डीसी करंटही नाही आणि डिफरन्शियल सिग्नलही नाही, म्हणून गेन शाबूत राहतो. ड्रेनच्या टॅपला नको: १५ ओहममधून १० मिलिअँप गेले की १५० मिलिव्होल्ट तिथेच खर्ची पडतात.

न्यूट्रलायझेशनचे कपॅसिटर आहेत का? डिफरन्शियलमध्ये ते गेट-ड्रेन कपॅसिटन्स खोडतात, कॉमन मोडमध्ये त्यातच भर घालतात. माझा पहिला संशय तिथे.

विश्रामबाग_एमटेक
आहेत! आणि लाइनला एक काटकोनी वळणही आहे. चालेल?

कृष्णाकाठ
बाहेरची तार दोन पिच, म्हणजे २४ मायक्रॉन लांब पडते. ऑक्साइडमध्ये वेव्हलेंथ साधारण २.५ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन अंशांचा फरक. उणे ३० डीबीच्या आसपास सिग्नल कॉमन मोडमध्ये वळतो. शक्य असेल तर लाइन सरळच न्या, नाहीतर जवळच उलटं वळण देऊन लांबी भरून काढा. सिम्युलेशनचे एस-पॅरामीटर मिक्स्ड मोडमध्ये (डिफरन्शियल आणि कॉमन वेगळे करून) बदलताना पोर्टच्या जोड्या नीट लावा, रेफरन्स डिफरन्शियलला १०० आणि कॉमनला २५ ओहम. शील्डसकट नवीन फाइल तयार झाली की इथेच टाका, बघतो.