मदत हवी आहे: गरोदरपणातलं बीपी आणि 'अँटिऑक्सिडंट'च्या वनौषधी कॅप्सूल

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला २९वा आठवडा चालू आहे. बीपी १४६/९४ झालं आणि लघवीत प्रोटीनही सापडलं, म्हणून डॉक्टरांनी लॅबेटालॉल सुरू केलंय. बाळाची वाढ ठीक आहे, पण ती फार धास्तावली आहे. त्यातच एका नातेवाइकांनी तिला कॅप्सूल आणून दिल्या आहेत: आवळा, हळदीचा अर्क, ग्रीन टीचा अर्क, ज्येष्ठमध. 'यातल्या अँटिऑक्सिडंटने बीपी मुळापासून जाईल, वनस्पतीच आहेत, अपाय नाही,' असं ते सांगतात.

मी वाचलं त्यानुसार या आजारात वारेला रक्त कमी पडतं, तिथे ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे घटक साठणं) वाढतो आणि वारेतून सुटलेले घटक आईच्या रक्तवाहिन्यांना इजा करतात. मग अँटिऑक्सिडंट उपयोगी पडायला हवीत ना? गोळ्यांसोबत या कॅप्सूल चालतील का? कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. कॅप्सूल आजच बंद करा, मुख्य कारण ज्येष्ठमध. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी वाढतं. म्हणजे नेमकं नको तेच.

तुमचा तर्क चुकीचा नाही, संशोधकांनीही तोच केला होता. पण सी आणि ई ही अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वं देऊन झालेल्या मोठ्या चाचण्यांत प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून लघवीत प्रोटीन जाण्याचा हाच आजार, टळला नाही. २००६च्या ब्रिटनमधल्या चाचणीत तर ही जीवनसत्त्वं घेणाऱ्यांमध्ये कमी वजनाची बाळं जास्त जन्मली. वनस्पतींच्या अर्कांवरचं बरंचसं काम पेशींवर आणि उंदरांवर झालेलं आहे, त्यावरून गरोदर बाईला डोस ठरवता येत नाही. स्वयंपाकातली हळद, जेवणातला आवळा खुशाल खाऊ दे. अर्काची गोष्ट वेगळी. हळदीच्या आणि ग्रीन टीच्या अर्कांनी काहींच्या यकृताला इजा झालेली आहे, आणि या आजारात यकृताच्या तपासण्यांवर आमचे निर्णय अवलंबून असतात. त्यातले आकडे वाढले तर आजार बळावला की कॅप्सूल बाधली, हे कसं ओळखायचं?

किती दिवस घेतल्या ते तिच्या डॉक्टरांना सांगा, डबाही दाखवा. लॅबेटालॉल मनाने थांबवू नका. डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधुक होणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, बाळाची हालचाल मंदावणं किंवा बीपी १६०/११० होणं, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी दवाखान्यात जा.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. ज्येष्ठमधाचं खरंच माहीत नव्हतं. तिने दोनच घेतल्या आहेत, आता बंद. बाळंतपणानंतर हे बीपी लगेच उतरतं का?

प्रतिसाद

बहुतेकींचं उतरतं, पण लगेच नाही. तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा चढू शकतं, त्यामुळे घरी आल्यावरही मोजत राहा. पुढच्या वेळी दिवस राहिले की सुरुवातीलाच हा इतिहास सांगा. हा आजार टाळायला कमी डोसची अ‍ॅस्पिरिन १६ आठवड्यांच्या आत सुरू केली तर जास्त उपयोगी पडते, तिच्यासाठी आता ती वेळ गेली आहे.