मदत हवी आहे: शेवाळ, शेवाळी, बुरशी आणि प्रोटिस्ट ओळखायचे कसे? आणि हे खातात तरी काय?

नमस्कार मंडळी,

भाचीला जीवशास्त्र शिकवता शिकवता मीच अडकलोय. तक्ता दोघांचाही पाठ आहे. शैवाल स्वयंपोषी (स्वतःचं अन्न स्वतः बनवणारं), कवक म्हणजे बुरशी परपोषी (दुसऱ्यावर जगणारी), प्रोटिस्टांमध्ये (अमिबा वगैरे) दोन्ही प्रकार, ब्रायोफायटा म्हणजे शेवाळी, वनस्पतींमधले उभयचर. मग तिने विचारलं, "पण मामा, समोर दिसलं तर ओळखायचं कसं?" म्हणून झाडाखाली पडलेला एक कुजका ओंडका बघायला गेलो आणि माझं पाठांतर तिथेच संपलं.

ओंडक्याच्या खोलगट भागात पाणी साचलंय, त्यात हिरवे, बुळबुळीत, केसासारखे धागे आहेत. वरच्या बाजूला मखमलीसारखी हिरवी गादी. साल उचकटली तर आत पांढरं जाळं. इथवर ठीक. पण एका कडेला पिवळाधमक, ओलसर, जाळीदार लगदा होता. मी ठोकून दिलं, "ही बुरशी." दुसऱ्या दिवशी तो लगदा वीतभर पलीकडे सरकलेला! बुरशी चालते का?

घरी साधा सूक्ष्मदर्शक आहे. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा. आगाऊ आभार.

प्रतिसाद १

चालते ती बुरशी नव्हे, एवढं नक्की. फोटो टाका.

(अवांतर: अर्धा गोंधळ आपल्या भाषेचाच आहे. पाण्यातल्यालाही शेवाळ, भिंतीवरच्यालाही शेवाळ. अभ्यासाच्या मराठीत पाण्यातलं ते शैवाल आणि गादीवालं ते शेवाळी. एवढ्याशा फरकावर दोन वेगळी घराणी उभी आहेत.)

प्रतिसाद २

पांढऱ्या जाळ्यापासून सुरू करतो, कारण ती खरी बुरशी आहे.

आपण आधी गिळतो, मग पचवतो. बुरशी आधी पचवते, मग घेते. ते पांढरे धागे म्हणजे कवकतंतू. त्यांच्या टोकांतून विकरं (पचन करणारी रसायनं, एन्झाइम) बाहेर पडतात, लाकडातले मोठे रेणू बाहेरच्या बाहेर तुटतात आणि विरघळलेला माल धागा शोषून घेतो. असं का, याचं उत्तर पेशीभित्तिकेत आहे. कवकाच्या पेशीभोवती कायटिनची ताठ भिंत असते, कीटकांच्या कवचात असतं तेच कायटिन. भिंत असली की घास गिळता येत नाही, त्यातून विरघळलेलंच आत येणार. म्हणून बुरशी अन्नाजवळ जात नाही, अन्नातच वाढत राहते. धागे बारीक आणि असंख्य असल्यामुळे शोषायला प्रचंड पृष्ठभाग मिळतो. अळंबीची छत्री दिसते ती फक्त बीजाणू (बियांसारखे सूक्ष्म कण) पसरवायची सोय, खरा जीव सालीखाली आहे.

भाचीला हेही सांगा की बुरशी साठवणीला स्टार्च ठेवत नाही, ग्लायकोजेन ठेवते, आपल्या यकृतासारखं. नात्यानेही ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. तरी वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात बसवलीय ती केवळ जुन्या सवयीने.

प्रतिसाद ३

पिवळा लगदा म्हणजे स्लाइम मोल्ड असणार. मराठीत श्लेष्मकवक म्हणतात. नावातच कवक आहे, त्याला इलाज नाही, पण हा अमिबाच्या गोतावळ्यातला. तुमच्या तक्त्यात तो प्रोटिस्टांमध्ये जाईल.

वरच्या प्रतिसादातला भिंतीचा मुद्दा इथे उलटा लावून बघा. या लगद्याला पेशीभित्तिका नाही. एकच अवाढव्य पेशी आणि तिच्यात हजारो केंद्रकं. भिंत नसल्यामुळे तो पसरतो, सरकतो आणि जीवाणू, बीजाणू अख्खेच्या अख्खे वेढून आत घेतो. पचन आत, अन्नरिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या अन्नाच्या छोट्या पिशवीत. भिंगाखाली शिरांसारख्या रेषा दिसल्या तर मिनिटभर टक लावून बघा. आतला द्रव एका दिशेने धावतो, थांबतो आणि उलटा फिरतो. मला तरी सूक्ष्मदर्शकाखाली याहून सुंदर काही दिसलेलं नाही.

जपानमध्ये नाकागाकी आणि सहकाऱ्यांनी याच्या एका जातीला चक्रव्यूहात ठेवून दोन टोकांना अन्न ठेवलं होतं. बाकीच्या वाटा सोडून त्याने जवळच्या वाटेवर आपली शीर ठेवली. प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मेंदू नाही, चेतातंतू नाहीत.

धागाकर्ता

बापरे! म्हणजे भिंत आहे की नाही यावर सगळं ठरतं? मग शैवाल आणि शेवाळी दोघांनाही सेल्युलोजची भिंत, दोघंही हिरवी, दोघंही उन्हावर जगतात. यांना वेगळं का काढायचं?

प्रतिसाद ४

कारण प्रश्न अन्नाचा नाही, पाण्याचा आहे.

शैवाल पाण्यातच बसलंय. पाणी, क्षार, कार्बन डायऑक्साइड चारही बाजूंनी हजर, प्रत्येक पेशी आपापलं घेते. शेवाळीने पाणी सोडून जमिनीवर संसार मांडला, पण पाणी वर चढवणाऱ्या वाहिन्यांशिवाय. तिचे मूलाभ मुळांसारखे दिसतात, पण त्यांचं मुख्य काम घट्ट धरून ठेवण्याचं. पाणी पिण्याचं काम बरंचसं पानं करतात, तीही बहुतेक ठिकाणी एका पेशीच्या जाडीची. म्हणून शेवाळी बुटकी राहते आणि दाटीवाटीने वाढते. त्या दाटीत पाणी अडकतं, तीच मखमल. सुकली तर मेली असं समजू नका. वाळलेला तुकडा बशीत घेऊन पाण्याचे थेंब टाका, पानं उलगडताना दिसतील.

गादीतून वर आलेल्या काड्या आणि त्यांच्या टोकाला बोंडं दिसली का? ती वेगळी पिढी आहे, बीजाणू बनवणारी. ती आईच्या अंगावरच उभी राहते, पाणी आणि बरंचसं अन्न तिच्याकडूनच घेते. ही पिढी जन्मायला पुंपेशीला पाण्याच्या पातळ थरातून पोहत जावं लागतं. 'उभयचर' शब्द त्यासाठी. असा आईच्या अंगावर वाढणारा गर्भ शैवालात नसतो, वेगळं काढायचं खरं कारण ते.

प्रतिसाद ५

एक खोडा घालतो. अन्न घेण्याच्या पद्धतीवरून गट पाडायची कल्पना चांगली आहे. जीवशास्त्रज्ञ व्हिटेकरने १९६९ मध्ये सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या तेव्हा कवकांना स्वतंत्र घर देताना शोषून खाणं हाच मोठा आधार होता. पण खाण्यावरून नातं ठरवायला गेलात तर फसाल.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक ज्याने बुडवलं तो फायटोफ्थोरा घ्या. धागे तसेच, बाहेर पचवून शोषणंही तसंच. सगळे बुरशीच म्हणत. पण भिंतीत सेल्युलोज, आणि नात्याने तो समुद्रातल्या तपकिरी शैवालांचा भाऊबंद. उलट युग्लीना हा एकपेशीय जीव बघा. हरितलवक आहे म्हणून उजेडात अन्न बनवते, अंधारात ठेवली तर रंग सोडून पाण्यात विरघळलेल्या पदार्थांवर दिवस काढते. आणि ज्याला नीलहरित शैवाल म्हणतात त्याला तर केंद्रकच नाही, ते जीवाणू आहेत.

'प्रोटिस्ट' हे घराणंच नाही. प्राणी, वनस्पती, कवक उचलून घेतल्यावर केंद्रकवाले जे उरले त्यांची ती पिशवी. तेव्हा भाचीच्या वहीत दोन वेगळे रकाने करा: 'खातं कसं' आणि 'नातं कोणाशी'.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. रकाने केले.

हिरव्या धाग्यांवर आयोडीन टाकलं. धाग्यात मळसूत्रासारखी हिरवी पट्टी होती, तिच्यावर ओळीने काळेनिळे ठिपके उमटले. म्हणजे स्टार्च, म्हणजे हिरवं शैवाल, बरोबर ना? स्पायरोगायरा असावं असं भाचीचं म्हणणं. शेवाळीची पानं उलगडताना पाहिली, ती तर तीनदा सुकवून झाली.

पिवळा लगदा मात्र काल गायब. त्याच्या जागी फिकट, ठिसूळ पापुद्रा आहे, बोट लावलं की आतून काळपट भुकटी उडते. मेला का? भाची हिरमुसली आहे.

प्रतिसाद ३ वाले पुन्हा

मेला नाही! अन्न संपलं की तो जवळजवळ सगळा बीजाणूंमध्ये बदलतो. ती भुकटी म्हणजे बीजाणू. याच भुकटीमुळे त्याला एके काळी कवकांत टाकलं होतं. चिमूटभर काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात टाका, झाकून ठेवा आणि दिवसातून दोनदा बघत राहा. बीजाणू फुटला तर आतून धागा येणार नाही, सरपटणारी किंवा पोहणारी एकच पेशी येईल. दिसली तर इथे लिहा.