विषय: पहिल्या महायुद्धाची कारणे, परवा भाच्याचा पेपर

मंडळी, नमस्कार.

मी सुट्टीवर सोलापुरात आहे, त्यामुळे गणपतीच्या वर्गणीचा हिशोब आठवडाभर उशिरा येईल. ओरडू नका. इथे वेगळीच धांदल चाललीय. भाचा बी.ए.ला आहे, परवा त्याचा इतिहासाचा पेपर. 'पहिल्या महायुद्धाची कारणे' येणारच म्हणून पोरगं गाईड घोकतंय: साम्राज्यवाद, लष्करवाद, उग्र राष्ट्रवाद, गुप्त करार आणि तात्कालिक कारण साराजेव्हो. पाढे म्हणावेत तसं, एका दमात. काल भाकरी थापता थापता मी विचारलं, "साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून २८ जून १९१४ ला, युद्ध २८ जुलैला. मधला महिनाभर काय करत होते रे?" तो गप्प. खरं तर मीही गप्पच. कुणाला माहीत असेल तर लिहा.

— सोलापूरची माहेरवाशीण

*

ताई,

तीस वर्षं हाच धडा शिकवलाय, आता मंडळात चहा वाटतो. म्हणून लांबण लावतो.

साराजेव्होचा प्रसंग मुलं फार रंगवतात. सकाळचा बॉम्ब चुकला, मग मोटार भलत्याच रस्त्याला वळली आणि १९ वर्षांच्या प्रिन्सिपच्या, म्हणजे युवराजाला गोळी घालणाऱ्या बोस्नियातल्या सर्ब पोराच्या, पुढ्यात येऊन थांबली. याला दोन पानं खर्चू नये. खरा मालमसाला त्या महिन्यात आहे. ऑस्ट्रियाला जर्मनीने ५ जुलैलाच पाठिंब्याचा शब्द दिला होता. पण ऑस्ट्रियाच्याच साम्राज्यातल्या हंगेरीचे पंतप्रधान टिसा युद्धाला तयार होईनात, आणि बरेचसे सैनिक सुगीच्या रजेवर! शिवाय फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष तेव्हा रशियात पाहुणे. ते बोटीत बसेपर्यंत थांबून २३ जुलैला सर्बियाला ४८ तासांचा खलिता धाडला. सर्बियाने बरंचसं कबूल केलं, पण आपल्या हद्दीतल्या तपासात ऑस्ट्रियाची माणसं नकोत म्हणाला. पुढचं भराभर: २८ जुलैला ऑस्ट्रियाचं सर्बियावर युद्ध, ३० ला सर्बियाच्या पाठीराख्या रशियाची फौजेची जमवाजमव, १ ऑगस्टला जर्मनी रशियावर, ३ ला फ्रान्सवर. ४ ला जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या आणि बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणाऱ्या १८३९ च्या तहाकडे बोट दाखवून ब्रिटन उतरलं.

आता भाच्याला विचारा, रशियाने फौज जमवली तर जर्मनी फ्रान्सवर का धावला? कारण त्यांची योजनाच तशी होती. आधी पश्चिमेला फ्रान्स सहाएक आठवड्यांत उरकायचा, मग आगगाड्यांनी फौज पूर्वेला न्यायची. १ ऑगस्टला कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, म्हणाला, सगळं सैन्य रशियाकडेच वळवा. सेनापती मोल्टके म्हणाला, जमायचं नाही.

'करारांमुळे युद्ध झाले' एवढंच लिहू नये. १८८२ च्या त्रिराष्ट्र करारात जर्मनी-ऑस्ट्रियाबरोबर इटलीही होती. १९१४ ला ती बाजूला राहिली आणि १९१५ ला चक्क समोरच्या गोटात गेली.

आणि येताना शेंगाचटणी आणा. उखळात कुटलेली. मिक्सरची असेल तर राहू द्या.

— चहावाले काका

*

काका,

तुमची मेल त्याला वाचून दाखवली. मोल्टकेपाशी आला आणि म्हणाला, "म्हणजे मावशी, सिद्धेश्वर एक्स्प्रेस सुटायच्या टायमाला ड्रायव्हरला सांगायचं, मुंबई राहू दे, हैदराबादला घे. तसंच की!" त्यानंतर तारखा एकदाही चुकला नाही. मला मात्र १ आणि ३ ऑगस्टमध्ये अजून गोंधळ होतो.

— माहेरवाशीण

*

मंडळी,

पेपर झाला. कारणे आलीच नाहीत! टीपा लिहा होतं, त्यात 'त्रिराष्ट्र करार'. त्याने इटलीवर पान भरलं आणि मुसोलिनीवर चार ओळी राहिल्या म्हणून घरी येऊन हळहळत बसला. मुसोलिनीचा तिथे काय संबंध, ते काकांनी त्याला फोनवर समजवावं.

चटणी एक किलो घेतलीय, उखळातलीच. वर्गणीचा हिशोब उद्या पाठवते. तिघांची बाकी आहे, नावं घेत नाही.

— माहेरवाशीण