मदत हवी आहे: सायक्लिक एएमपी एकच, मग परिणाम वेगळे कसे?

नमस्कार मंडळी,

शरीरक्रियाशास्त्र शिकतेय. संप्रेरकं आणि त्यांचे रिसेप्टर (संप्रेरक ज्यांना चिकटतं ती प्रथिनं) या भागात एका ठिकाणी अडलेय, जाणकारांनी मदत करावी.

कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन यांचं समजलं. चरबीत विरघळतात, पेशीच्या पटलातून आत जातात, आतल्या रिसेप्टरला चिकटतात आणि ती जोडी डीएनएवर बसून जनुकांचं काम वाढवते किंवा थांबवते. थायरॉइडच्या संप्रेरकाला आत शिरायला वाहक प्रथिनं लागतात आणि त्याचा रिसेप्टर बहुधा आधीपासूनच डीएनएवर बसलेला असतो, तेही ठीक. इन्सुलिनचा रिसेप्टर तर स्वतःच टायरोसिन कायनेज, म्हणजे प्रथिनांतल्या टायरोसिनला फॉस्फेट लावणारं विकर (एन्झाइम).

घोडं अडतंय जी-प्रोटीनवाल्यांपाशी, म्हणजे पटलावरचे जे रिसेप्टर जी-प्रोटीनमार्फत निरोप आत पोचवतात त्यांच्यापाशी. ग्लुकॅगॉन यकृताच्या पेशीवर बसलं की जी-एस (एक जी-प्रोटीन), मग अडेनिलिल सायक्लेज (सायक्लिक एएमपी बनवणारं विकर), मग सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप नेणारा छोटा रेणू), मग प्रोटीन कायनेज ए (प्रथिनांना फॉस्फेट लावणारं विकर). शेवटी ग्लायकोजेन फुटून ग्लुकोज रक्तात. व्हॅसोप्रेसिन मूत्रपिंडाच्या संग्राहक नलिकेत व्ही-२ रिसेप्टरवर बसलं की अगदी हीच साखळी, पण तिथे अ‍ॅक्वापोरिन-२ ही पाण्याची वाहिनी पटलावर येते आणि पाणी परत शोषलं जातं. एसीटीएच या पीयूषिका ग्रंथीच्या संप्रेरकाचंही अधिवृक्क ग्रंथीत तेच, शेवटी कॉर्टिसॉल तयार होतं. मधले चारही टप्पे तेच!

पेशीत जी प्रथिनं असतील त्यांनाच कायनेज फॉस्फेट लावणार, हे उत्तर वेगवेगळ्या पेशींपुरतं मला पटतं. पण एकाच पेशीत काय? हृदयाच्या स्नायुपेशीत आयसोप्रोटेरेनॉल या अॅड्रेनलिनसारख्या औषधानेही सायक्लिक एएमपी वाढतं आणि प्रोस्टाग्लँडिन ई-१ नेही. आकुंचनाचा जोर मात्र पहिल्यानेच वाढतो. रेणू तोच, पेशीही तीच, मग हा फरक येतो कुठून? दोन दिवस हेच डोक्यात घोळतंय.

प्रतिसाद १

ताई, फार नेमकं विचारलंत. शास्त्रज्ञ अर्ल सदरलँड यांना सायक्लिक एएमपीच्या कामासाठी १९७१ चं नोबेल मिळालं, पण इतक्या संप्रेरकांचं काम एकटा रेणू कसा करेल ही शंका तेव्हाही घेतली जात होतीच.

तुमच्या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरली आहे: सायक्लिक एएमपी पेशीभर सारखं पसरतं. तसं होत नाही. फॉस्फोडायएस्टरेज ही विकरं ते जागच्या जागी तोडत असतात, त्यामुळे ते वाढतं ते मुख्यतः जिथे तयार झालं त्याच्या आसपास. शिवाय कायनेज ए सगळंच मोकळं फिरत नाही. एकॅप प्रथिनं त्यातलं बरंचसं ठरावीक जागी बांधून ठेवतात, उदाहरणार्थ कॅल्शियम वाहिनीच्या अगदी शेजारी. आयसोप्रोटेरेनॉल बीटा रिसेप्टरवर बसलं की हे बांधलेलं कायनेज जागं होतं, कॅल्शियम जास्त आत येतं आणि आकुंचन जोरात होतं. प्रोस्टाग्लँडिनने वाढलेलं सायक्लिक एएमपी मुख्यतः मोकळ्या कायनेजवर खर्च होतं.

धागालेखिका

धन्यवाद दादा! म्हणजे रिसेप्टर पटलावर कुठे बसलाय यालाही महत्त्व आहे. मग फॉस्फोडायएस्टरेजच रोखलं तर सायक्लिक एएमपीचे हे वेगवेगळे कप्पे मोडायला हवेत ना?

प्रतिसाद १

हो, आणि ते प्रयोगात दिसलंही आहे. आयबीएमएक्स हे औषध त्या विकरांना रोखतं. हृदयपेशींना ते दिलं की एरवी ठरावीक जागी दिसणारं सायक्लिक एएमपी सगळीकडे पसरतं. आता एकॅपवर वाचा, पुढचा गुंता तिथे सुटेल.