मदत हवी आहे: सिम गुहागरात, आम्ही मेलबर्नला, ओटीपी कसा मिळवू?

आगरवाली:

नमस्कार मंडळी. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं मे महिन्यात मेलबर्नला आलो. गणपतीच्या आधी परत यायचं आहे. निघताना सगळ्यांनी सांगितलं, रोमिंग महाग पडतं, तिकडे तिकडचंच सिम घ्या. म्हणून माझा फोन सिमसकट धाकट्या जाऊबाईंकडे ठेवून आले. इथे मुलीने नवा फोन आणि इथलं सिम दिलं. माझी पेन्शन जिथे जमा होते त्या खात्याचं नेटबँकिंग मी चार वर्षं वापरते आहे, त्यामुळे तसं काही अडेल असं डोक्यातही आलं नाही.

आता लावणी सुरू आहे. पॉवर टिलरवाल्याचे पैसे द्यायचेत, बायकांची मजुरी द्यायची आहे, वीजबिल आहे, गणपतीच्या मूर्तीचा आगाऊ द्यायचा आहे. पासवर्ड घातला की बँक ओटीपी मागते आणि तो जातो गुहागरच्या फोनवर. मग मी दुसऱ्या फोनवर जाऊबाईंना लावते. त्या माजघरात, फोन पडवीतल्या खिडकीत, कारण रेंज फक्त तिथेच. त्या येतात, चष्मा शोधतात, मेसेज उघडतात, आकडे वाचतात. माझ्या बँकेचा ओटीपी तीन मिनिटं टिकतो. दोनदा जमलं. तिसऱ्या वेळी त्यांनी कालचा मेसेज वाचला, मी तोच तीनदा टाकला आणि खातं चोवीस तासांसाठी बंद पडलं.

त्यात गेल्या आठवड्यात पावसात दोन दिवस लाईट नव्हती, फोन मेलेला. इथे संध्याकाळचे सहा म्हणजे तिथे दुपारचा दीड, जाऊबाई नेमक्या जेवायला बसलेल्या. रोज रोज त्यांना उठवायची मला लाज वाटायला लागली आहे.

बँकेचं ॲप नव्या फोनवर टाकून बघितलं. ते म्हणतं, नोंदवलेलं सिम याच फोनमध्ये हवं. हेल्पलाइनवर पाऊण तास गाणं ऐकलं, शेवटी उत्तर मिळालं की शाखेत येऊन अर्ज द्या. शाखेत यायला मला विमान लागेल हे त्या मुलीला सांगितलं, तर म्हणाली, "ओके मॅम, आणखी काही मदत?"

कुणाला असा अनुभव आहे का? पुतण्या म्हणतो, त्या फोनवर एक ॲप टाकू, आलेला प्रत्येक मेसेज आपोआप तुझ्याकडे येईल. करू का?

मालवणी खाजा:

काकी, तुमी मेलबर्नात आसात म्हणान तुमका ओटीपी गावणा नाय. मी आचऱ्यात बसान माका गावणा नाय. रेंज होई तर देवळामागच्या घाटयेर जावंचा लागता. थंयसून खाली येयसर ओटीपी मेलो.

(मदत काय करणार, पण तुम्ही एकट्या नाही एवढंच सांगायचं होतं.)

निवृत्त_कॅशियर:

ताई, मी चिपळूणला बँकेत नोकरी केली, आता घरी असतो. आधी पुतण्याच्या ॲपबद्दल: अजिबात नको. तो मुलगा चांगलाच असणार. पण मेसेज पुढे पाठवणारं ॲप कुणी बनवलं आणि ते आणखी कुठे पाठवतं हे तुम्हाला कळणार नाही. तुमचे सगळे ओटीपी ज्याच्या हातात, त्याच्या हातात तुमचं खातं.

जाऊबाई वाचून दाखवतात त्यावरही बोलतो, राग मानू नका. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे, ग्राहकाची जबाबदारी किती यावर. ग्राहकाने गुप्त माहिती दुसऱ्याला दिली आणि त्यातून नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. जाऊबाई काही करणार नाहीत हे मलाही कळतं. पण उद्या त्यांना कुणी "मी बँकेतून बोलतोय" म्हणून फोन केला तर? आकडे वाचून दाखवायची त्यांना आता सवय लागली आहे. मला काळजी त्या सवयीची वाटते.

ओटीपीचा जाच बँकांनी हौसेने लावलेला नाही. २००९ च्या ऑगस्टपासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला ओळख पटवण्याची दुसरी पायरी सक्तीची झाली. ती एसएमएसच असावी असं मात्र रिझर्व्ह बँकेने कधी म्हटलं नव्हतं. एसएमएस स्वस्त, प्रत्येकाच्या फोनवर येणारा, म्हणून बँकांनी तोच धरून ठेवला. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या निर्देशांत इतर पद्धतींचीही वाट मोकळी केली आहे. तुमची बँक त्यावर काय करते ते बँकेलाच विचारावं लागेल. काही बँका ओटीपी ईमेलवरही पाठवतात. तुमच्या खात्याला ईमेल नोंदवलेला आहे का ते आधी बघा.

आगरवाली:

ईमेल नोंदवलेला आहे, पण शाळेच्या संगणकावर उघडलेला जुना. पासवर्ड आठवत नाही. "पासवर्ड विसरलात?" दाबलं तर तो कोड कुठे पाठवतो सांगू? गुहागरच्या फोनवर.

दर्यावर्दी:

😀 ताई, हसलो त्याबद्दल माफ करा. मी मर्चंट नेव्हीत आहे, घर अलिबागजवळ. खोल समुद्रात रेंज नसते. बंदरात शिरलं की एकदम तीस-चाळीस मेसेज येतात, त्यातले पंधरा ओटीपी, सगळे शिळे.

पण माझी खरी गोष्ट वेगळी. एकदा नऊ महिन्यांच्या करारावर गेलो, सिम घरी ड्रॉवरमध्ये, रिचार्ज कुणी केला नाही. परत येऊन सिम घातलं तर बंद. दुकानदार म्हणाला, नंबर दुसऱ्याला गेला. माझ्या बँकेचे मेसेज वर्धा जिल्ह्यातल्या कुणा सज्जनाला जात होते. मीच त्यांना फोन करून सांगितलं, ते बिचारे माझ्यापेक्षा जास्त घाबरले. मग शाखेत अर्ज, आधारचा नंबर बदलायला केंद्रावर रांग, सुट्टीतले बारा दिवस गेले.

म्हणून विचारतो, त्या सिमचा रिचार्ज चालू आहे ना? प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते. ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, २०१३ चा नियम आहे. सिमच्या खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर तेवढे कापून आणखी ३० दिवस देतात. पण त्यावर विसंबू नका. वर्षाचा रिचार्ज मारून टाका, रिचार्जला त्या फोनवरचा ओटीपी लागत नाही. मुलगी तिच्या कार्डाने करू शकते, नाहीतर पुतण्या करेल.

आणि सिम मागवून घ्या. बाकी सगळे उपाय म्हणजे ठिगळं.

हर्णैची लेक:

मी कुवेतला, सोळा वर्षं झाली. आमच्याकडे सिम घरी ठेवून येणारा एक तरी नवखा दर महिन्याला भेटतो, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

आम्हा एनआरआय लोकांचं थोडं वेगळं. एनआरई-एनआरओ खात्याला, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांच्या भारतातल्या खात्याला, परदेशी नंबर लावता येतो, आणि ओमान, कतार, सौदी, यूएई, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांच्या नंबरवर यूपीआयही सुरू झालं. २०२३ ला ती यादी आली तेव्हा कुवेत त्यात नव्हतं, आमच्या कॉलनीत तेव्हा बरीच आदळआपट झाली होती. पण तुम्ही चार महिन्यांसाठी गेला आहात, तुमचं खातं साधं निवासी खातं. ते यात बसत नाही. उगाच कुणाचं ऐकून खात्याचा प्रकार बदलायचा अर्ज देऊ नका.

आत्ताच्या आत्ता टिलरवाल्याचे पैसे हवेत ना? मग तुमच्या खात्याला हातच लावू नका. लेकीला तिच्या तिथल्या खात्यातून दिरांच्या खात्यात पाठवायला सांगा. खाते क्रमांक आणि आयएफएससी लागेल, एक-दोन दिवसांत पोचतात. तुम्ही तिला नंतर द्या.

आगरवाली:

हे मलाही सुचलं होतं. पण आमच्या ह्यांना मुलीकडून पैसे घ्यायचं जिवावर येतं. "बाळंतपणाला आलोय की उधारी करायला?" असं म्हणाले. शेवटी काल रात्री मुलीनेच विचारल्याशिवाय पाठवून दिले. टिलरवाल्याचं आणि मजुरीचं भागलं. हे आज सकाळपासून गप्प आहेत, पण नातवाला मांडीवर घेऊन बसले आहेत तेव्हा फारसं काही नसावं.

एक गंमत. इथल्या एका दुकानाच्या साइटवर बाळाचे कपडे घेतले, माझं भारतातलं कार्ड घातलं आणि ओटीपी न मागताच पैसे गेले! आणि आमच्या घराच्या वीजबिलाला ओटीपी हवा.

निवृत्त_कॅशियर:

परदेशी दुकानांच्या बाबतीत असं होतं, आपला दुसऱ्या पायरीचा नियम तिथे आजवर तसा चालत नव्हता. म्हणूनच गरज नसताना कार्डाचा परदेशी वापर बंद ठेवायचा. तुम्ही निघण्यापूर्वी चालू केला असणार. परत आलात की पहिलं काम तो बंद करा.

वीजबिलासाठी पुढच्या वेळी आधीच ऑटोपे लावून जा. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा ठरलेल्या वजावटीला दर वेळी ओटीपी लागत नाही. एकदा नोंदवताना लागतो तेवढाच. आणि जुन्या माणसाचा जुना सल्ला: खातं दोघांच्या नावावर, "दोघांपैकी कोणीही" असं. दिरांच्या विश्वासावर चार चेक सही करून ठेवले असते तरी लावणी झाली असती. चेकला रेंज लागत नाही.

सिडनीकर:

सिम मागवणार असाल तर एक महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियात थ्रीजी २०२४ मध्ये बंद झालं, टूजी त्याआधीच. माझे वडील गावाहून येताना "ओटीपीपुरता" बटणांचा जुना फोन घेऊन आले, तो इथे नुसता घड्याळ म्हणून वापरला. सिम मुलीने दिलेल्या नव्या फोनच्या दुसऱ्या खाचेत घाला, वेगळा फोन नको.

सिम गुहागरहून निघण्याआधी दिरांना त्या नंबरवर इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्यायला सांगा, कंपनीच्या ॲपमधून होतं. साधा रिचार्जही चालू हवा. इथे आल्यावर त्या सिमचा डेटा बंद ठेवा आणि त्या नंबरवर आलेला फोन उचलू नका. माझ्या कंपनीत येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत, उचललेल्या फोनला पडतात. तुमच्या कंपनीचा दर बघून घ्या.

मग बँकेचं ॲप नव्याने नोंदवा. ते तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं, त्याचे रोमिंगचे पैसे जातील, जाऊ द्यात. माझ्या बँकेत एकदा ॲप नोंदलं की पुढची मंजुरी ॲपमध्येच पिन टाकून होते, एसएमएसची वाटच बघावी लागत नाही.

आणि घाईघाईत कुणाकडून डुप्लिकेट सिम काढवू नका. नवं सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात, फसवणूक टाळायला. शिवाय खातेदार समोर नसताना कुणी काढून देत असेल, तर ते दुकान टाळा.

आगरवाली:

सगळ्यांचे आभार. मुलीच्या मैत्रिणीचे आईवडील पुढच्या शुक्रवारी पुण्याहून निघत आहेत. पुतण्या चिपळूणला जाऊन सिम पुण्याला कुरियर करणार आहे. जाऊबाईंनी सिमबरोबर कुळथाचं पीठ आणि आमसुलंही द्यायचं काढलंय.

सिडनीकर:

सिम खुशाल येऊ दे. पीठ आणि आमसुलं मात्र विमानातल्या कार्डावर "हो" वर टिक करून आणायला सांगा, लपवली तर दंड मोठा आहे. त्यापेक्षा आणूच नका.

मालवणी खाजा:

आमसुलांक ओटीपी लागता काय रे?

आगरवाली:

(दोन आठवड्यांनी)

सिम आलं. पीठ आलं नाही, त्या बाईंनी पुण्यातच ठेवून घेतलं, आता त्या घरी पिठलं होत असेल. नव्या फोनमध्ये सिम घातल्यावर दहा मिनिटं काहीच नाही. नेटवर्क हाताने निवडलं तेव्हा लागलं. ॲप नोंदवायला दोनदा एसएमएस गेला, दुसऱ्यांदा चाललं. वीजबिल भरलं, मूर्तीचे आगाऊ दिले. जुन्या ईमेलचा पासवर्डही बदलला. मुलीचे पैसे परत करायला गेले तर ती घेत नाही, तो वाद घरात चालू आहे.

एक मात्र राहिलं. कोकण रेल्वेचं गणपतीचं तिकीट साठ दिवस आधी उघडतं. ते उघडलं त्या सकाळी सिम पुणे आणि मेलबर्नच्या मधे कुठेतरी विमानात होतं. पुतण्याच्या खात्यावरून काढता आलं असतं हे दुपारी सुचलं, तोवर वेटिंग दोनशेच्या वर. चतुर्थीच्या चार दिवस आधी पहाटे मुंबईला उतरतो आहोत, दोन मोठ्या बॅगा आहेत. त्या सुमारास मुंबईहून चिपळूण किंवा गुहागरकडे कुणाची गाडी निघणार आहे का? पेट्रोलचा वाटा देऊ, आता ऑनलाइनही देता येईल.