मदत हवी आहे : जुन्या बुलेटप्रूफ मर्सिडीजच्या काचांना धरलेला ‘मोतीबिंदू’

नमस्कार मंडळी,

मी मूळचा पुण्याचा; गेली चौदा वर्षे जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. मागच्या हिवाळ्यात मी १९८७ सालची मर्सिडीज ५०० एसईएल विकत घेतली. बॉन ही पश्चिम जर्मनीची राजधानी होती तेव्हा ती तिथल्या सरकारी ताफ्यात होती, आणि तिचे चिलखत नंतर कोणी चढवलेले नसून ती कारखान्यातूनच तशी बाहेर पडली आहे. तिच्यात कोण बसत असे हे कागदपत्रांवरून कळत नाही, आणि ‘अमुक मंत्र्यांची गाडी’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या विक्रेत्यांच्या कहाण्यांवर माझा विश्वास नाही. माझी मुख्य अडचण काचांची आहे. टायर आणि गंज यांचे प्रश्न तिच्या मागोमाग येतात.

जर्मनीतल्या जुन्या गाड्यांच्या जाणकारांना मी आधीच विचारले. त्यांचे एकमुखी उत्तर असे, की काचा काढून टाका, साध्या बसवा आणि मोकळे व्हा. इथे चाकणच्या कारखान्यांत, काचेच्या उद्योगात आणि पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत चाचण्या करणारे काही सदस्य आहेत, हे जुन्या धाग्यांवरून मला ठाऊक आहे, म्हणून हा प्रश्न मराठीत मांडतो आहे.

या गाड्यांची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९७७ च्या एप्रिलमध्ये पश्चिम जर्मनीचे मुख्य सरकारी अभियोक्ते सीगफ्रीड बुबाक यांच्यावर कार्ल्सरूहमध्ये गाडीत बसलेले असतानाच मोटारसायकलवरून गोळ्या झाडण्यात आल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उद्योजकांच्या संघटनेचे अध्यक्ष हान्स मार्टिन श्लायर यांचे कोलोनमध्ये अपहरण होऊन पुढे खून झाला. त्या काळापासून मंत्री आणि बड्या उद्योगपतींसाठी चिलखती गाडी ही चैनीची नव्हे, तर गरजेची वस्तू ठरली. अर्थात चिलखत म्हणजे अभेद्य कवच नव्हे. डॉइच बँकेचे प्रमुख आल्फ्रेड हेरहाउसेन ३० नोव्हेंबर १९८९ रोजी बाड होमबुर्ग येथे बाँबस्फोटात मारले गेले, ते चिलखती मर्सिडीजमध्येच बसलेले होते.

आता काचांविषयी. बाजूच्या काचेची जाडी मी व्हर्नियरने मोजली, ती २१ मिलिमीटर भरली. बाहेरून काचेचे थर, त्यांच्यामध्ये चिकट पारदर्शक पापुद्रे आणि आतल्या बाजूला, म्हणजे प्रवाशाकडे, पॉलिकार्बोनेटचा थर अशी तिची रचना आहे. गोळी लागल्यावर काचेच्या ज्या कपच्या आत उडतात, त्या अडवणे हे या शेवटच्या थराचे काम. मात्र उन्हाने काच जितकी प्रसरण पावते, त्याच्या सुमारे सात-आठ पट पॉलिकार्बोनेट प्रसरण पावते, आणि ही ओढाताण मधल्या पापुद्र्याला सदतीस वर्षांहून अधिक काळ सोसावी लागली आहे. त्यात कडेने ओल शिरली. परिणामी चारही बाजूंनी तीन-चार बोटे रुंदीचा दुधाळ पट्टा तयार झाला असून समोरच्या काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात, नेमक्या चालकाच्या नजरेसमोर, नखाएवढे बुडबुडे आले आहेत. दिवसा ते खपून जाते. संध्याकाळी मात्र समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसते आणि शेजारी त्याच दिव्याची दुसरी फिकट प्रतिमा उमटते. माझ्या आजोबांना मोतीबिंदू झाला होता तेव्हा ते दिव्यांचे जे वर्णन करत, तेच मी आता गॅरेजवाल्याला ऐकवतो.

यात भर म्हणजे आधीच्या कोणी तरी आतल्या बाजूला अमोनियायुक्त काच-पुसणी वापरली असावी, कारण पॉलिकार्बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा पडल्या आहेत.

तीस वर्षांपुढील गाडीला इथे ऐतिहासिक वाहनाची ‘एच’ अक्षराची नंबरप्लेट मिळते आणि वार्षिक कर सरसकट १९१.७३ युरो इतकाच भरावा लागतो. त्यासाठी तपासनिसाचा अहवाल लागतो, आणि चालकाच्या दृष्टिक्षेत्रातील दोषावर त्याने बोट ठेवले आहे. नवी चिलखती काच बनवून देणारे आहेत. परंतु समोरच्या एका काचेसाठी त्यांनी सांगितलेली रक्कम गाडीच्या खरेदीकिमतीच्या निम्म्याहून अधिक आहे. साधी काच बसवायची तर २१ मिलिमीटरच्या खाचेत ती खुळखुळेल, म्हणजे चौकटच कापावी लागेल, आणि एकदा चौकट कापली की ही गाडी कशासाठी जपायची, हा प्रश्न मला पडतो.

म्हणून विचारतो : अशी काच उकलून, जुने काचेचे थर राखून, केवळ पापुद्रे आणि पॉलिकार्बोनेट नवे घालून ती पुन्हा उष्णता व दाबाखाली जोडता येते का? हे कोणी प्रत्यक्ष केले आहे का? ती गोळी अडवेल की नाही याची मला फिकीर नाही, मला आरपार दिसले म्हणजे झाले. भारतात काच करून घेण्याचा विचारही मनात आला होता. पण तिकडच्या काचेवर आयएस २५५३ या भारतीय सुरक्षा-काच मानकाचा शिक्का असतो आणि इथे तपासनीस युरोपीय ‘ई’ खूण, म्हणजे वाहनांच्या काचांसाठीच्या आर ४३ नियमाखालील मान्यता, मागतो. दोन्ही खुणा असलेली जाड वक्र काच एकेक नग बनवून देणारे कोणी ठाऊक असल्यास कृपया कळवावे.

दुसरा प्रश्न टायरांचा. कागदांवर मागच्या आसावर १,५६० किलो भार मान्य आहे, म्हणजे प्रत्येक टायरवर ७८० किलो. या मॉडेलच्या नेहमीच्या २०५/६५ आर १५ टायरचा भारांक (टायर किती भार पेलतो हे सांगणारा सांकेतिक आकडा) ९४ असतो, त्याची क्षमता ६७० किलो. भारांक ९९ म्हणजे ७७५ किलो. तो पाच किलोंनी हुकतो, आणि जर्मन तपासनीस पाच किलोही सोडत नाही. याच मापात छोट्या मालवाहू व्हॅनचे टायर मिळतात व ते भार सहज पेलतात. परंतु त्यांची वेगमर्यादा ताशी १९० किलोमीटर आहे आणि गाडीच्या कागदांवरील वेग त्याहून जास्त आहे. नोंदलेला कमाल वेग अधिकृतपणे कमी करून घेण्याचा अनुभव जर्मनीतल्या कोणा सदस्याला आहे का? मी ही गाडी शंभराच्या वर नेलेली नाही आणि नेण्याचा मानसही नाही.

तिसरा प्रश्न गंजाचा. दारांच्या खालच्या प्लास्टिक पट्ट्या काढल्या तेव्हा पाणी निचऱ्याची भोके चिखलाने बुजलेली आढळली आणि बाहेरचा पत्रा व आतले चिलखती पोलाद यांच्या फटीत ओला गंज साचलेला दिसला. बाहेरचा पत्रा कापून नवा लावणे भाग आहे. पण हे चिलखती पोलाद सुमारे २०० अंशांपुढे तापले की त्याचा कडकपणा उतरू लागतो, आणि वेल्डिंगची ठिणगी त्याला दोन बोटांवर पडणार. वेल्डिंगऐवजी बॉडीसाठी वापरतात तो स्ट्रक्चरल ॲडेसिव्ह (भार पेलणारा मजबूत गोंद) लावून पत्रा बसवलेला कोणी पाहिला आहे का, आणि तो किती वर्षे टिकला?

मागचे डावे दार वजनाने बिजागरीवर चार मिलिमीटर उतरले आहे. दार लावताना ते आधी हाताने किंचित उचलावे लागते, आणि कुलपाची पट्टी घासून चांदीसारखी चकचकीत झाली आहे. बिजागरीत नव्या बुशा घालण्याचे काम स्थानिक लेथवाल्याकडे दिले आहे. इंजिनाची टायमिंग चेन व तिचे प्लास्टिक मार्गदर्शक बदलून झाले, तिथे तक्रार नाही. जाळीतले निळे दिवे खासगी माणसाला चालत नाहीत, त्यामुळे ते काढून डब्यात जपून ठेवले आहेत.

तपासणीची पुढची तारीख सप्टेंबरात आहे. काचेच्या कडेचे आणि बुडबुड्यांचे फोटो मोजपट्टी लावून काढले आहेत. कोणी मागितल्यास आणखी मापेही घेऊन देईन.